खोक्याच्या लाकडाची गिटार

आमच्या घरात शंकरदादाच्या गिटारीची गोष्ट अजूनही सांगतात. लग्नकार्यात पंगती उठल्या, माणसं सतरंजीवर लवंडली, की कोणीतरी विषय काढतं. गोष्ट अशी की तरुणपणी दादाला गिटारी बनवायचं खूळ लागलं होतं, चांगलं चाललेलं सुतारकाम सोडून तो तारांच्या मागे लागला होता, आणि धाकट्या मनोहरने वेळेवर दोन समजुतीचे शब्द सांगून त्याला जाग्यावर आणलं. मनोहर म्हणजे मी. गोष्ट संपली की माणसं माझ्याकडे कौतुकाने बघतात. पूर्वी मी मान खाली घालायचो, तो लोकांना विनय वाटायचा. दादाच्या तेरवीलाही ही गोष्ट निघाली आणि सांगणारा त्याचा स्वतःचा मुलगा, विलास, होता. "काका नसते तर बाबांचं काही खरं नव्हतं," तो म्हणाला. मी तेव्हाही काही बोललो नाही. म्हणून आता लिहितो आहे.

नागपुरात लकडगंजच्या मागच्या गल्लीत आमचं घर आणि घरालाच लागून कारखाना. कारखाना म्हणजे टिनाच्या छपराखाली रंधा मारायचे तीन लाकडी ठिये, एक जुनी पट्ट्याची करवत आणि भिंतीला टेकवलेल्या सागाच्या फळ्या. पहाटे समोरच्या आरा मशीनचा आवाज सुरू व्हायचा. लाकडात शिरताना जाड आणि बाहेर पडताना बारीक, असा तो दिवसभर चाले. तो थांबला की आई म्हणायची, "लाइन गेली वाटते." भुसा सगळीकडे असे. पोळपाटावर, देवाच्या फोटोवर, कढीच्या गंजात. आई गोळाभात करायची तेव्हा परातीवर ओला पंचा टाकून गोळे वळायची, तरी पहिल्या घासाला सागाचा वास यायचाच. मला आजही बिनवासाचा गोळाभात अळणी लागतो.

बाबा दारं-खिडक्या करायचे, आणि करायचे ती फक्त सागाची. साग सोडून जगातल्या बाकी सगळ्या लाकडांना ते सरपण म्हणत. गिऱ्हाईक स्वस्तातलं काही मागायला लागलं तर हातातला रंधा खाली ठेवून म्हणत, "सरपण पाहिजे असन तर पलीकडच्या गल्लीत भेटते." आम्ही दोघे भाऊ त्यांच्या हाताखाली शिकलो. दादाच्या अंगात जोडकाम होतं. माझा हात पॉलिशचा. बाहेरच्या कामांवर बाभळीला सागाचा रंग आणि सागाला शिसवीचा रंग मी असा द्यायचो की आऱ्यावरचे लोकही फसत. मला त्याचा गर्व होता, आणि तो साधा नव्हता. घरात येणारा माणूस आधी दादाच्या कानाचं कौतुक करायचा. दादा फळी दोन बोटांत वर टांगती धरायचा, मधल्या बोटाच्या पेराने ठोकायचा आणि सांगायचा की ही आतून किडली आहे, ही ओली आहे, ही दहा वर्षं वाकणार नाही. तो चुकत नसे. पॉलिशवाल्याचं कौतुक लोक दाराचं कौतुक म्हणून करतात.

गिटार आमच्याकडे आली ती मेश्राम मास्तरांमुळे. जरीपटका वस्तीत ते घरीच गिटारीचा क्लास चालवत. रेल्वेत नोकरी, संध्याकाळी शिकवणी. त्या काळी मांडीवर आडवी ठेवून पितळी कांडीने वाजवायची हवाईयन गिटार जास्त चाले, पण मास्तरांच्या पोरांना छातीशी धरून वाजवायची स्पॅनिश हवी असे. त्या बाहेरून यायच्या आणि नागपूरच्या उन्हाळ्यात त्यांचं पोट फुगायचं नाही तर बसायचं. तशीच एक बसलेली गिटार घेऊन मास्तर आले. दादाने वरची फळी सोडवली तर आत प्लायवूड निघालं. तो हसला. "मास्तर, हे तर चहाच्या पेटीचं पोट लावलं आहे हो."

सतार-तंबोऱ्याच्या वरच्या पातळ फळीला तबली म्हणतात. दादा गिटारीच्या फळीलाही तबलीच म्हणायला लागला. त्याने पहिली तबली अर्थातच सागाची बसवली. लकडगंजात कोणीही तेच केलं असतं. दिसायला देखणी झाली, पण वाजवली की सूर उठायचा आणि लगेच बसायचा, बंद दारामागे कोणी बोलावं तसा. बाबा म्हणाले, "तंबोऱ्याले साग चालते, मंग याले काहून नाही?" त्या प्रश्नाने दादाला धरलं. तो महिनाभर लाकडं ठोकत फिरला. आणि मग त्याने जे केलं ते मी त्यानंतर कुठे पाहिलं नाही. त्याने गिटारीची एकच पेटी ठेवली, तीच मान, त्याच तारा, आणि तिच्यासाठी तीन तबल्या केल्या. एक सागाची, एक देवदाराची, तिसरी खोक्याच्या लाकडाची. त्या पातळ सरसाने चिकटवायच्या, ऐकायच्या, आणि गरम सुरीने सोडवून दुसरी लावायची. म्हणजे फरक पडला तर तो फक्त तबलीचा.

खोक्याचं लाकूड खापरखेड्याहून आलेलं. तिथल्या वीज केंद्रात यंत्रांचे सुटे भाग परदेशातून मोठमोठ्या खोक्यांत यायचे, आणि रिकामी खोकी भंगारवाल्याकडून गावभर जायची. लोक त्यांची कोंबड्यांची खुराडी करत. पांढरं, हलकं, कोणत्या झाडाचं ते आम्हाला माहीत नव्हतं. पण दादाने एक फळी उचलून ठोकली आणि पुन्हा ठोकली. तिच्या रेषा पोळपाटाएवढ्या रुंदीत शंभर असतील, सगळ्या सरळ, विणल्यासारख्या. वजन सागाच्या निम्म्याच्या आसपास, आणि वाकवायला गेलं तर वाकेना. दादा म्हणाला, "मनू, हलकं अन् ताठ. दोन्ही एकदम भेटत नाही कधी. तार किती ओढते? तिच्यात जीव केवढा? तिनं सागाले हलवायचं म्हटलं तर ती तिथंच थकून जाते. हे लाकूड तिच्यासोबत पळन."

आता माझ्या नातीकडे गिटार आहे. ती घ्यायला गेलो तेव्हा दुकानातला मुलगा हेच सांगत होता, वरची फळी अखंड लाकडाची घ्या, प्लायची नको, हे लाकूड खणखणीत, ते मऊ बोलतं. मला वाटलं त्याला सांगावं की हे मी लकडगंजात ऐकलं आहे, अशा माणसाकडून ज्याने ते कुठेच वाचलं नव्हतं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं.

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर दादाने सगळ्यांना अंगणात बसवलं आणि डोळे मिटायला लावले. बाबा, आई, सिंधूवहिनी आणि मी. पाटवडीचा रस्सा जरा जास्तच झाला होता, बाबा पेंगत होते. दादा तीच चार सुरांची ओळ वाजवायचा, मग सुरी गरम करून तबली बदलायचा, आम्हाला तासभर थांबवायचा आणि पुन्हा तीच ओळ. सागाच्या वेळी आई म्हणाली, "हा तुमच्या बाबासारखा आहे. एकदा बोलते अन् चूप होते." वहिनी तोंडात पदर धरून हसल्या. देवदाराला आई म्हणाली, "हा गोड आहे, पण लाजून राहिला." तिसऱ्या वेळी ती काहीच बोलली नाही. दादाने विचारलं, "काय वं आई?" तर म्हणाली, "थांब ना. अजून फिरून राहिला तो अंगणात." बाबांनी डोळे उघडले आणि तबलीकडे पाहिलं. खाली कोपऱ्यात खोक्यावरचा काळा छाप अर्धा उरला होता, काचेच्या पेल्याचं चित्र. माल नाजूक आहे, जपून उचला, असं सांगणारा. बाबा म्हणाले, "खुराड्याचं लाकूड," आणि उठून आत गेले.

मेश्राम मास्तरांनी ती पांढरी गिटार ऐकली तेव्हा ते ओट्यावर बसले होते, हातात चहाचा कप. त्यांनी चहा प्यायलाच नाही. स्वतः वाजवून पाहिली, खालचे सूर, वरचे सूर, मग मान हलवत म्हणाले, "शंकरभाऊ, पॉलिश करून ठेवा. पंधरा दिवसांनी क्लासची मंडळी घेऊन येतो. त्यांना पसंत पडली तर अशा आठ करा." बाबा तिथेच होते. मास्तर गेल्यावर ते दादाला म्हणाले, "आठ घेतल्या तर कारखान्याची पडवी तुही. कर मंग तिथं गिटारी, तंबोरे अन् सतारी, मी नाही बोलत. नाही घेतल्या तर हे खूळ बंद. दार-खिडकी." दादा म्हणाला, "चालते." मी त्याला इतका खूश क्वचित पाहिला.

दादा आणि बाबा सागाच्या लिलावाला चंद्रपूरकडे गेले. जाताना दादाने गिटार माझ्या हातात दिली. "मनू, दोनच हात दे. पातळ. घाम मुरू नये एवढंच. वरची फळी हलली पाहिजे." मी हो म्हटलं.

पहिला हात दिला आणि ती ठियावर वाळत ठेवली. लाखेच्या पातळ पॉलिशखाली लाकूड अजूनच पांढरं दिसायला लागलं, आणि तो काळा पेला अजून काळा. आऱ्यावरचा मुनीम विडी मागायला आला. त्याने ती पाहिली. "काय गा मनोहर, खोक्यात काय होतं? बिस्किटं?" मी हसलो. तो गेल्यावर मात्र मला ती गिटार बघवेना. मास्तरांची मंडळी येणार, शहरातली पोरं, ती आधी डोळ्यांनी बघणार. आमच्या कारखान्यातून खुराड्याच्या लाकडाची वस्तू जाणार आणि लोक म्हणणार पॉलिश मनोहरचं. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण मी कित्येक वर्षं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्या गिटारीत माझं काहीच नव्हतं. तिच्यात दादाचा कान होता आणि दादाचे हात. मला तिच्यात दिसायचं होतं.

मी चॉकमातीत सरस आणि गेरू कालवून भरणा केला आणि सगळ्या तबलीवर घासून घासून बसवला. छाप झाकला गेला. त्यावर सागाचा रंग. रंगावर बारीक कुंचल्याने सागाच्या रेषा ओढल्या, एकेक, गाठीसकट. त्यावर दारांना लावतो ते जाड वार्निश. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक हात, वाळला की काचपेपर, पुन्हा हात. एकूण नऊ झाले. चौथ्या दिवशी तिच्यात माझा चेहरा दिसत होता. वहिनी पाणी द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "अगबाई, सागाची झाली की हो." इतकं समाधान मला त्याआधी कोणत्याच कामात मिळालं नव्हतं. मी ती वाजवून पाहिली नाही. मला वाजवता येत नव्हतं, पण बोटाने तार छेडता आली असती. छेडली नाही.

दादा आणि बाबा लिलावाहून परतले ते मास्तरांची मंडळी यायच्या दिवशी सकाळीच, गाडी चुकली म्हणून. दादा अंघोळ करून बाहेर येतो तो मास्तर आणि त्यांच्या क्लासचे चार-पाच जण अंगणात. गिटार मीच आणून मास्तरांच्या हातात दिली. सगळे म्हणाले, वा. बाबांनी लांबूनच पाहिलं आणि त्यांची भुवई वर गेली, त्यांनाही क्षणभर साग वाटला. दादाने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीतरी हिशेब चालला होता. तेवढ्यात मास्तरांनी वाजवायला सुरुवात केली.

आवाज रजईतून आल्यासारखा आला. खालचे सूर जाड, वरचे गेलेच. मास्तरांनी एकदा तारा लावून पाहिल्या, पुन्हा वाजवलं. एका पोराने दुसऱ्याकडे बघितलं. मास्तर सभ्य माणूस, म्हणाले, "त्या दिवशी वेगळी वाटली होती हो, शंकरभाऊ." दादाने गिटार घेतली, कान तबलीला लावला आणि बोटाच्या पेराने ठोकली. एकदा, दोनदा. मग सगळ्यांसमोर, साध्या आवाजात, त्याने मला विचारलं, "मनू, किती हात दिले?"

मी म्हणालो, "दोन."

त्याला विचार करायला वेळ लागला नाही, हेच मला सगळ्यात जास्त आठवतं. त्याने मान हलवली. आमच्या घरात कोणी कामाच्या बाबतीत खोटं बोलत नसे. फळी ओली असेल तर ओली म्हणायची, सांधा चुकला असेल तर चुकला म्हणायचा, बाबांची शिस्तच तशी होती. नऊ हात दिलेला माणूस दोन म्हणेल हे दादाच्या डोक्यातच आलं नाही. वरचा सागाचा रंग आणि झगमगाट तो बघत होता, पण माझ्या हाताची त्याला खात्री होती, दोन हातांत मी बाभळीलाही सागाचा रंग आणि अशी चकाकी आणू शकतो असं तो लोकांना सांगत असे. मग उरलं काय? लाकूड किंवा कान. मास्तरांच्या आठ गिटारी त्या सकाळी गेल्या. जाताना त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. बाबा सागाच्या फळ्यांवरचा भुसा झटकत राहिले. आणि मी दादाजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "दादा, लाकूडच तसं आहे. खोक्याचंच ते. सोड आता." हेच ते समजुतीचे दोन शब्द.

वार्निश उतरवता येतं. काच फोडून तिच्या धारेने खरवडलं की एका दिवसात फळी पुन्हा पांढरी होते, हे मला माहीत नव्हतं असं नाही, माझा धंदाच तो. आठवडाभर ती गिटार खुंटीवर टांगलेली होती आणि मी रोज तिच्याखालून जात होतो. रोज वाटायचं आज सांगू. दादा मला काही मारणार नव्हता. पण सांगायचं म्हणजे नुसतं नऊ हात दिले एवढंच नाही, तर सगळ्यांसमोर दोन म्हणालो, हेही. एक दिवस दादा म्हणाला, "हे कुठंतरी दे गा टाकून. पाहून त्रास होते." मी म्हणालो, "मी पाहतो काय करायचं ते."

खापरखेड्याच्या कॉलनीत माझा एक मित्र राहायचा. त्याच्या क्वार्टरमागच्या ओट्यावर बसून मी ती खरवडली. सकाळी बसलो ते दुपार कलेपर्यंत. सागाच्या रेषा गेल्या, रंग गेला, भरणा गेला. पेला पुन्हा वर आला. मित्राला थोडंफार वाजवता येत होतं. त्याने तारा लावल्या आणि वाजवलं, आणि शेजारच्या क्वार्टरमधली बाई धुणं तसंच ठेवून कुंपणाशी आली. तो सूर होता तिथेच होता. काहीही बिघडलं नव्हतं. दादाचा कान मीच खोटा पाडला हे मला त्या ओट्यावर पक्कं कळलं, कारण त्याआधी एक पळवाट होती, कदाचित लाकूडच वाईट असेल. त्या दिवशी ती गिटार घेऊन मी बसने घरी जाऊ शकत होतो. कामठी रोडला उतरलो असतो तर सहा-सात वाजता दादा ओट्यावर भेटला असता. मी ती मित्राजवळ ठेवली. नंतर ती कोणत्यातरी ऑर्केस्ट्रातल्या माणसाने नेली म्हणे. घरी येऊन मी सांगितलं, "मोडली." दादा म्हणाला, "बरं झालं."

त्यानंतर दादाने चाळीस वर्षं दारं केली. चांगली दारं केली. मी पाहिलं ते एवढंच की फळी ठोकून पाहणं त्याने बंद केलं. आऱ्यावर लाकूड निवडायचं असलं की बाबांना पाठवायचा, बाबांनंतर मला. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मले त्यातलं समजत नाही." लोकांना तो नम्रपणा वाटायचा. आमच्या घरात दोघा भावांना फुकटचा विनय मिळाला.

तेरवीनंतर चार महिन्यांनी मी शहराबाहेर बेशाला गेलो. विलासने तिथे फ्लॅट घेतला आहे, सिंधूवहिनी त्याच्याकडे असतात. त्या गॅलरीत आंबाडीचा पाला निवडत बसल्या होत्या. मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं तसंच, पेल्याच्या छापापासून खापरखेड्यापर्यंत. पाला निवडून झाला होता तरी त्यांची बोटं देठं चाचपत होती.

"म्हणजे त्यायचा कान बरोबर होता?" त्यांनी विचारलं.

"होता, वहिनी."

"विलास शाळेत होता तेव्हा त्याचे गाण्याचे सर घरी आले होते. म्हणे पोराच्या गळ्यात सूर आहे, शिकवा. ह्यायनं नाही म्हटलं. मी दोन दिवस भांडली त्यायच्याशी. म्हणे, आपल्या घरात कान नाही सिंधू, पोराले फसवू नको." त्यांनी निवडलेला पाला बाजूला सारला. "भाऊजी, हे मले काहून सांगून राहिले तुम्ही? ज्याले सांगायचं त्याले सांगितलं नाही."

मी खाली पडलेली देठं गोळा करायला लागलो. त्या म्हणाल्या, "विलास सहाले येते. त्याले तुम्हीच सांगा. मी नाही सांगत."

विलास आला. मी त्याला दारातच सांगायला सुरुवात केली, नाहीतर धीर गेला असता. तो बूट न काढता सोफ्याच्या हातावर बसून ऐकत राहिला. तोही आता पन्नाशीला आला आहे, बापासारखीच मान एका बाजूला कलती करून ऐकतो. माझं संपल्यावर त्याने विचारलं, "बाबाले कधी शंका नाही आली?"

"माझ्यावर? नाही."

"स्वतःवर आली," तो म्हणाला. मग त्याने वाकून बुटाची नाडी सोडली. "काका, हे लिहून द्या. सही करून द्या. तोंडी नको. तोंडी गोष्टीचं आपल्या घरात काय होते, ते मीच तेरवीले दाखवलं."

मी हो म्हणालो आणि उठलो. आत कुकरची शिट्टी झाली होती, आंबाडीच्या फोडणीचा वास येत होता. मी चपला घातल्या, पट्टा लावायला मुद्दाम वेळ घेतला. इतक्या वर्षांत मी त्या घरातून जेवल्याशिवाय कधी निघालो नव्हतो. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला थांबा म्हटलं नाही.